लेकरं माणसं कशी वाचतात?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्याकडं घरात लेकरू जन्मलं की पहिले काही महिने एक खेळ हमखास चालतो. आत्या येते, काकू येते, शेजारची आजी येते. जो येईल तो लेकराला मांडीवर घेतो आणि विचारतो, "वळख बरं, मी कोण?" लेकरू टकाटका बघत राहतं. मग कुणी म्हणतं, आजोबावर गेलंय. कुणी म्हणतं, नाक मात्र मामाचं हाय. सगळे मिळून लेकराला वाचत असतात. या गडबडीत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. तेही आपल्याला वाचत असतं, आणि त्याचं वाचन आपल्यापेक्षा बारकाईचं असतं.

समोरचा माणूस कोण, आपला की परका, रागात आहे की खुशीत, त्याच्या मनात काय चाललंय, हे ताडण्याच्या क्रियेला मानसशास्त्राच्या पुस्तकात 'सामाजिक संवेदन' म्हणतात. शब्द जड आहे. आपण साधं 'माणूस वाचणं' म्हणू. वसमतच्या मोंढ्यातला मुरलेला अडत्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो की याला आज माल विकूनच जायचंय, घरी लग्नकार्य असावं. शेतकरीही अडत्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो की भाव अजून दोनशेनं वाढू शकतो. ही विद्या दोघंही कुठल्या शाळेत शिकले नाहीत. मग ती आली कुठून, आणि कोणत्या वयात? गेली साठ-सत्तर वर्षं जगातल्या काही विद्यापीठांमधले संशोधकांचे गट या प्रश्नामागं लागले आहेत. त्यांच्या कामातलं थोडं आज सांगतो. मी सांगणार आहे त्यातला शेवटचा प्रयोग आपल्याच देशातल्या खेड्यांत झाला. खरं म्हणजे त्याच्यासाठीच मी बोलायला बसलोय. पण तिथं पोचायला थोडं लांबून यावं लागेल.

१९७५ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी अगदी नुकत्या जन्मलेल्या बाळांसमोर काही चित्रं हळूहळू सरकवली. बाळं किती नुकती जन्मलेली? साधारण नऊ मिनिटांची! एका चित्रावर डोळे, नाक, तोंड जागच्या जागी होतं. दुसऱ्यावर तेच सगळं अस्ताव्यस्त केलेलं. तिसरं कोरं. डोळे, नाक, तोंड जागेवर असलेल्या चित्रामागं बाळांनी जास्त मान आणि डोळे फिरवले. आईचं तोंड अजून धड पाहिलेलं नाही, तरी नजर चेहऱ्याच्या आकाराकडं ओढ घेते. एवढी शिदोरी घेऊन लेकरू जगात येतं.

पण कोणाचा चेहरा, हे त्या शिदोरीत नसतं. ते इथं आल्यावर भरलं जातं.

ब्रिटनमधल्या शेफिल्ड विद्यापीठातले ऑलिव्हिए पास्कालिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक मजेदार गोष्ट छापली. सहा महिन्यांच्या बाळांना त्यांनी माकडांचे फोटो दाखवले. एका माकडाचा फोटो पुरेसा बघून झाला की शेजारी दुसऱ्या माकडाचा ठेवायचा. बाळं नव्याकडं जास्त वेळ बघायची, म्हणजे त्यांना दोन माकडं वेगळी ओळखू यायची. तुम्हाआम्हाला ती सगळी सारखीच दिसतात. नऊ महिन्यांच्या बाळांनाही ती सारखीच दिसली. तीन महिन्यांत एक हुशारी गळून गेली, कारण तिचा घरात काही उपयोग नव्हता. आवाजांचंही असंच होतं. आपला 'त' आणि आपला 'ट' यांतला फरक सहा-आठ महिन्यांच्या इंग्रजी घरातल्या बाळालाही ऐकू येतो, असं जॅनेट वर्कर यांनी कॅनडात १९८४ साली दाखवलं. ते बाळ वर्षाचं होईतो त्याचा कान तो फरक सोडून देतो. पुढं तो साहेब इथं येऊन 'टुम कैसा है' म्हणतो तेव्हा आपण हसतो. त्या बिचाऱ्याच्या कानानं ती बेगमी पाळण्यातच टाकून दिलेली असते.

आता हेच माणसांच्या चेहऱ्यांबाबत. नवजात बाळ गोरा, काळा, कुठलाही चेहरा सारख्याच आवडीनं बघतं. तीन महिन्यांचं झालं की आपल्यासारख्या दिसणाऱ्यांकडं जास्त बघायला लागतं. पास्कालिस यांच्याच गटातले डेव्हिड केली यांनी २००५ साली हे मांडलं. पुढच्याच वर्षी इस्रायलमधून एक जास्त महत्त्वाची गोष्ट कळली. तिथं इथिओपियातून आलेल्या कुटुंबांची बाळं होती. त्यांना रोज काळे चेहरेही दिसत आणि गोरेही. तीन महिन्यांच्या त्या बाळांची नजर कुठल्याच बाजूला झुकली नाही. इथिओपियातच वाढणारी बाळं काळ्या चेहऱ्यांकडं झुकली, इस्रायलमधल्या गोऱ्या घरांतली गोऱ्यांकडं. म्हणजे तीन महिन्यांच्या लेकराला 'आपला' कोण हे रक्त सांगत नाही. त्याच्या पाळण्यावरून कोण कोण वाकून गेलं, ते सांगतं.

याचा अर्थ आपल्या गावात काय होतो, बघा. आपल्याकडं लेकराला एका दिवसात वीस-वीस माणसं खेळवतात. परदेशातल्या बंद दाराच्या घरापेक्षा ही मोठी श्रीमंती आहे. पण ही वीस माणसं कुठली? एकाच गल्लीतली. आणि गल्ली कशी वसली हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. बाराही महिने घरात येऊन लेकराला मांडीवर घेणारे कोण आणि अंगणातून परत जाणारे कोण, हे वेगवेगळं असतं.

इथं एक इशारा देऊन ठेवतो. बाळांवरच्या संशोधनातलं सगळंच टिकतं असं नाही. २००७ साली येल विद्यापीठातल्या एका गटानं असं मांडलं होतं की सहा-दहा महिन्यांच्या बाळांना चांगलं-वाईट कळतं. दुसऱ्याला मदत करणारी बाहुली ती पसंत करतात, आडवं येणारी टाकून देतात. वर्तमानपत्रांनी ते फार उचललं होतं. पुढं जगातल्या ३७ प्रयोगशाळांनी मिळून हजारावर बाळांवर तोच प्रयोग केला. २०२४ साली निकाल आला. बाळांनी दोन्ही बाहुल्या जवळपास निम्म्या-निम्म्या उचलल्या. तेव्हा लेकरू जन्मतःच न्यायाधीश असतं, या गोड समजुतीला सध्या तरी आधार नाही. ते बघतं, आणि बघून शिकतं. एवढं मात्र पक्कं होत चाललंय.

कोणाचं बघून शिकतं, यावर १९८५ साली छापलेला एक प्रयोग माझ्या फार आवडीचा आहे. एक मोठं टेबल. त्याच्यावर जाड काच. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकटीचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड काचेच्या बरंच खाली. वरून बघणाऱ्याला वाटतं की मध्येच पायरी आहे, इथून पुढं पडायला होईल. एक वर्षाचं, रांगणारं लेकरू एका टोकाला ठेवायचं. दुसऱ्या टोकाला आई. पायरी मुद्दाम अशी ठेवली होती की फार उंच नाही, फार ठेंगणीही नाही; लेकराला कोडं पडावं, जाऊ की नको. लेकरू तिथं येऊन थांबायचं, आणि मान वर करून आईच्या तोंडाकडं बघायचं. आईनं एक शब्द बोलायचा नाही. काही आयांना हसरा चेहरा ठेवायला सांगितला होता, काहींना घाबरलेला. हसऱ्या आयांची १९ लेकरं होती. त्यांतली १४ काच ओलांडून गेली. घाबरलेल्या चेहऱ्याच्या आयांची १७ होती. त्यांतलं एकही गेलं नाही.

काच तीच. खोली तीच. फरक फक्त आईच्या भुवयांचा.

श्रोतेहो, आपल्या घराचा उंबरठा डोळ्यांसमोर आणा. दारात कुणीतरी आलंय. लेकरू आधी त्याच्याकडं बघतं आणि लगेच वळून आईकडं, आजीकडं. आजीचा चेहरा खुलला की ते पुढं धावतं. आजीनं पदर सावरून दोन पावलं मागं घेतली की तेही थबकतं. आलेला माणूस खुर्चीवर बसला की पायरीवर, चहा कुठल्या कपात दिला, तो कप नंतर कोणी विसळला, हे सगळं तीन वर्षांचं लेकरू बघत असतं. त्याला 'अमका आपल्या बरोबरीचा नाही' असं घरात कुणीही सांगत नाही. सुशिक्षित घरात तर मुळीच सांगत नाहीत. सांगायची गरजच पडत नाही. हल्ली काहीजण अभिमानानं म्हणतात की आमच्याकडं गड्यासाठी वेगळी कपबशी नाही. खरंच नाही. कोनाड्यातली कपबशी गेली आणि वापरून फेकायचा कागदी कप आला. घरच्यांना स्टीलचा पेला, त्याला कागदी कप. लेकराचं वाचन चुकत नाही.

चेहरा वाचण्याची दुसरी बाजूही आहे. ज्याच्याकडं बघून भुवया आक्रसल्या जातात, ते लेकरूही ते वाचत असतं. याची आपल्याकडची सगळ्यात नेमकी नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी करून ठेवली आहे. १९०१ साल. दहा वर्षांच्या आतबाहेरचा भीमराव, भाऊ आणि भाचा अशी मुलं साताऱ्याहून निघाली. वडील गोरेगावला नोकरीला होते, त्यांना भेटायला. नवे कपडे, नव्या टोप्या, आगगाडीचा पहिलाच प्रवास. मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कुणीच आलं नाही, कारण पत्र पोचलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं आपुलकीनं चौकशी केली. नीटनेटकी मुलं बघून तो त्यांना वरच्या जातीतली समजला होता. मुलांनी भाबडेपणानं खरी जात सांगितली. आणि त्याचा चेहरा एका क्षणात पालटला. पुढं गाडीवान मिळेना, रात्रभर पाणी मिळेना, तो सगळा त्रास त्यात आहेच. पण कितीतरी वर्षांनी, मोठा विद्वान झाल्यावर तो प्रसंग लिहिताना बाबासाहेबांना तो पालटलेला चेहरा आठवला, याकडं मी तुमचं लक्ष वेधतो. शाळेत वेगळं बसावं लागतं, बसायचं गोणपाट घरून न्यावं लागतं, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. नळाला स्वतः हात लावायचा नाही, शिपायानं पाणी द्यायचं, शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं, हेही माहीत होतं. पण ते रोजचं होतं. आपुलकीचा चेहरा डोळ्यांदेखत बदलताना पाहणं, हे त्या प्रवासात झालं.

आता थोडं ब्रिस्टलला जाऊ. इंग्लंडमधलं हे बंदराचं शहर. तिथल्या विद्यापीठात १९६७ साली हेन्री ताजफेल नावाचे प्राध्यापक आले. जन्मानं पोलंडचे ज्यू. तरुणपणी शिकायला फ्रान्सला गेले, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होते, १९४० साली जर्मनांच्या हाती सापडले. आपण मूळचे पोलंडचे, हे त्यांनी कैदेत लपवून ठेवलं. ते उघड झालं असतं तर ते वाचले नसते. सुटून आले तेव्हा घरातलं कुणी उरलं नव्हतं. माणूस तोच, पण कागदावरच्या एका शब्दानं त्याचं जगणं-मरणं ठरतं, हे ज्यानं अंगावर काढलं तो माणूस पुढं आयुष्यभर या एकाच प्रश्नावर काम करत राहिला.

त्यांचा एक प्रयोग १९६३ सालचा आहे, अगदी साधा. आठ रेघा. प्रत्येक रेघ आधीच्यापेक्षा किंचित लांब. लोकांना एकेक दाखवून लांबी अंदाजानं सांगायला लावली. मग दुसऱ्या लोकांना त्याच रेघा दाखवल्या, पण चार आखूड रेघांवर 'अ' लिहिलं आणि चार लांब रेघांवर 'ब'. बाकी काही बदललं नाही. आता चौथी आणि पाचवी रेघ, ज्या शेजारशेजारच्या आणि जवळपास सारख्या, त्यांच्यातलं अंतर लोकांना होतं त्यापेक्षा बरंच मोठं दिसायला लागलं. शिक्का बसला आणि डोळ्यांनी माप बदललं.

आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांना आनंद झाला. हळदीचं उदाहरण घ्या. मोंढ्यात ढिगाऱ्यांची एक रांग लागते. रंगानं, जाडीनं, वाळवणीनं माल उतरत उतरत जातो. त्यात कुठंतरी एक रेघ ओढली की ह्या बाजूचा एक नंबर आणि त्या बाजूचा दोन नंबर. रेघेला लागून असलेले दोन ढीग हळकुंड मोडून बघितलं तरी वेगळे सांगता येणार नाहीत. पण रेघ ओढल्यावर ते वेगळे दिसतात, आणि भावही वेगळा लागतो. मालाचं ठीक आहे, व्यापाराला प्रतवारी लागते. माणसांच्या बाबतीत तीच युक्ती मेंदू आपसूक करतो, तिथं गोंधळ होतो.

ब्रिस्टलला ताजफेल आणि त्यांच्या गटानं पुढचं पाऊल टाकलं. शहराबाहेरच्या एका शाळेतली चौदा-पंधरा वर्षांची ६४ मुलं आठ-आठच्या तुकड्यांनी बोलावली. पडद्यावर ठिपके दाखवले, किती ते अंदाजानं लिहा म्हणाले. मग सांगितलं, तुमच्यातले काही जण जास्त मोजणारे आहेत, काही कमी मोजणारे. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केलेली होती, ठिपक्यांचा काही संबंध नव्हता. नंतर प्रत्येकाला एकटं बसवून दुसऱ्या दोन मुलांमध्ये थोडे पैसे वाटायला दिले. नावं माहीत नाहीत, फक्त कोण कुठल्या गटातला एवढंच ठाऊक. स्वतःला एक छदाम मिळणार नव्हता. तरी मुलांनी आपल्या गटाच्या मुलाला झुकतं माप दिलं. आणि पुढच्या फेरीत, जिथं चित्रांच्या आवडीवरून गट पाडल्याचं सांगितलं होतं, तिथं तर कमाल झाली. आपल्या गटाला भरपूर मिळेल पण दुसऱ्यालाही मिळेल, असा एक पर्याय होता. आपल्याला थोडं कमी मिळेल पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळेल, असा दुसरा. मुलं दुसऱ्याकडं झुकली. नफ्यापेक्षा फरक प्यारा. भावकीच्या बांधावरून कोर्टात जमीन घालवलेल्या माणसांना हे समजायला प्रयोगाची गरज नाही, पण ठिपके मोजण्यावरून ते होतं, हे नवीन होतं. नंतरच्या संशोधकांनी पाच वर्षांच्या मुलांना नुसते वेगवेगळ्या रंगांचे सदरे घालून हे बघितलं. तिथंही आपल्या रंगाकडं ओढ दिसली.

ताजफेल १९८२ साली वारले. २०१९ साली त्यांचं चरित्र आलं आणि विभागातल्या तरुण स्त्रियांशी त्यांचं वागणं किती वाईट होतं, हे उजेडात आलं. त्यांच्या नावाच्या युरोपीय पुरस्काराचं नाव त्यानंतर बदललं. माणसं वाचण्याचा अभ्यास करणारा माणूस स्वतःच्या खोलीत समोर बसलेल्या स्त्रीला कसं वाचत होता, हेही सांगायला हवं म्हणून सांगितलं.

आता तो शेवटचा प्रयोग. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ बाई. ठिकाण, उत्तर प्रदेशातली खेडी. काम २००४ साली प्रसिद्ध झालं. सहावी-सातवीच्या वयाची मुलं बोलावली. ३२१ उच्चजातीय आणि ३२१ दलित. प्रत्येकाला कागदावर भूलभुलैया दिला; एका टोकाला आत शिरायचं, पेन्सिलीनं वाट काढत बाहेर पडायचं. जितके सुटतील तितके पैसे. शाळेत शिकवलेलं काही कामाचं नाही, घरी कुणी शिकलेलं असण्या-नसण्याचा संबंध नाही.

पहिल्या वेळी मुलांची जात कुणी बोललं नाही. दोन्हीकडच्या मुलांनी सारखंच काम केलं. काही फरक नाही.

दुसऱ्या तुकड्यांत खेळ सुरू करण्याआधी एक छोटी गोष्ट केली. सगळ्यांसमोर प्रत्येक मुलाचं नाव, गाव, बापाचं नाव, आजाचं नाव आणि जात मोठ्यानं वाचली. मुलानं मान हलवायची, हो, बरोबर. एवढंच. कुणी कुणाला हिणवलं नाही, वेगळं बसवलं नाही, वाईट शब्द वापरला नाही. मग तेच कागद दिले. आता दलित मुलांनी सोडवलेले भूलभुलैये लक्षात येण्याइतके कमी झाले, आणि दोन गटांत मोठी दरी पडली.

यावर कुणी म्हणेल, मुलं लाजली, खचली, आत्मविश्वास गेला. तसंही असेल. पण या बायांनी आणखी एक फेरी घेतली आणि तीच मला सगळ्यांत बोलकी वाटते. या फेरीतही जात वाचून दाखवली होती. मात्र पैसे कुणाला मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरणार, असं सांगितलं. म्हणजे बक्षीस देणाऱ्या माणसाच्या हातात काही उरलं नाही. तेव्हा ती दरी नाहीशी झाली.

इथं जरा थांबा. जात तीच, मुलं त्याच वयाची, तेच कागद. मनात न्यूनगंड बसला असता तर तो चिठ्ठीनं जायला नको होता. काय घडलं असेल? मुलांनी समोरच्या मोठ्या माणसाला वाचलं. यानं माझी जात सगळ्यांसमोर वाचली, म्हणजे याला तिचं काहीतरी पडलंय. हा मला माझ्या मेहनतीचं देईल का? अनुभव सांगतो, देईलच असं नाही. मग कशाला एवढी पेन्सिल झिजवा? चिठ्ठीला मात्र जात वाचता येत नाही. चिठ्ठी म्हटल्यावर मुलं पुन्हा जीव लावून खेळली. संशोधकांनी काढलेला अर्थ साधारण हाच आहे, आणि मला तो पटतो. अकरा-बारा वर्षांच्या त्या मुलांची अक्कल कमी पडली नव्हती. उलट माणूस वाचण्यात ती तरबेज होती.

परीक्षेतले गुण बघून आपण ठरवतो की अमक्या वस्तीतली पोरं अभ्यासात मन घालत नाहीत. मन कुठं घालायचं आणि कुठं वाया जाईल, याचा हिशेब ती रोज आपल्या चेहऱ्यावरून करत असतात, ही शक्यता मास्तरांनी, बाईंनी मनात ठेवावी.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' पुष्कळांनी पाहिला असेल. २०१३ साली तो महोत्सवांत आला आणि नंतर गावोगावी लागला. शाळेजवळ डुकरं धरायला लावलेला जब्या वर्गातल्या पोरांच्या नजरेपासून लपायला किती धडपडतो! भिंतीच्या आड, लोकांच्या आड. अभ्यासात हुशार, स्वप्नाळू पोरगा, आणि त्याची सगळी बुद्धी त्या वेळी एकाच गोष्टीत खर्च होत असते: कोण बघतंय, कोण हसतंय. कार्ला हॉफच्या कागदावरचा भूलभुलैया तो त्या दिवशी सोडवू शकला असता का, तुम्हीच सांगा.

आणि हे जातीपुरतंच नाही. दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या भरतात. त्या घरांतली लेकरं वैशाखाच्या आसपास परत येतात, नाहीतर आजीजवळ मागं राहतात. वर्गात त्यांची ओळख 'तोडवाल्याचं' म्हणून होते. पालावरचं लेकरू असो, नवरा सोडून माहेरी आलेल्या बाईचं असो, प्रत्येकाच्या मागं वर्गात एक शब्द चालतो. रेघेवर लिहिलेल्या त्या 'अ' आणि 'ब'सारखा.

आता आपल्या शाळांकडं या. हे भाषण ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी आपल्या वर्गात ऐकलं असेल: "ज्यांची ज्यांची शिष्यवृत्ती आहे त्यांनी उभं राहा." किंवा जातीच्या प्रवर्गाचं नाव घेऊन, "त्यांनी हात वर करा." विचारणाऱ्या शिक्षकाच्या मनात काही वाईट नसतं. वर कार्यालयातून माहिती मागितलेली असते, तासाला पाच मिनिटं उरलेली असतात. पण प्रयोगातल्या त्या माणसानंही वाईट काही केलं नव्हतं. त्यानं फक्त मोठ्यानं वाचलं होतं.

कुणी याचा उलटा अर्थ काढू नये म्हणून स्पष्ट सांगतो. शाळेच्या रजिस्टरात, दाखल्यावर जातीची नोंद असते आणि ती असायला हवी. शिष्यवृत्ती, राखीव जागा, सवलती त्या नोंदीवर उभ्या आहेत. जात कागदावरून पुसली की मनातून पुसली जाईल, असं म्हणणारे बहुतेक वेळा ज्यांना कागदाची गरज पडत नाही असे असतात. माझं म्हणणं मोठ्यानं वाचण्यापुरतं आहे. नोंद कपाटात राहावी.

महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची, रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. पाटी बदलते, पण गावात पत्ता सांगताना जुनं नाव तोंडात येतं आणि बाजूला उभं असलेलं लेकरू ते ऐकतं. पत्ता सांगणाऱ्याचा आवाज त्या शब्दावर जरासा खाली येतो, तेही ते ऐकतं.

लेकरं सगळ्यांत लवचीक असतात ती पाळण्यापासून अंगणवाडीपर्यंत. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गावातल्या बालवाडीत सगळी लेकरं येत नाहीत, वस्तीवरची, पाड्यावरची तर येतच नाहीत, हे बघून या बायका बालवाडी त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी हा शब्द त्यातून आला. तेव्हा लेकरं येत नव्हती म्हणून अंगणात जावं लागलं, ते योग्यच होतं. आज गावोगावी अंगणवाड्या आहेत, पण पुष्कळ ठिकाणी ह्या वस्तीची वेगळी आणि त्या गल्लीची वेगळी. जवळ पडते, हे खरं आहे. तरी आठवड्यातून एखाद्या दिवशी दोन अंगणवाड्यांची लेकरं एका झाडाखाली बसवायला, एका पातेल्यातली खिचडी वाढायला सरकारी आदेश लागत नाही. सेविका ताई आणि मदतनीस ताई यांना हे सहज जमेल. पंगतीत कोण कुणाशेजारी, हे रोज चिठ्ठ्या टाकून ठरवावं. लेकरांना चिठ्ठ्यांचा खेळ आवडतोही.

आणि शिक्षक बंधूभगिनींना एक विनंती. जूनमध्ये शाळा उघडतील. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा गठ्ठा टेबलावर येईल. जातीचा दाखला आणा, बँकेचं पुस्तक आणा, फोटो आणा, हे सगळं सांगावंच लागेल. ते वर्गात उभं करून सांगू नका. मधल्या सुट्टीत एकेकाला जवळ बोलवा, किंवा बंद पाकिटात चिठ्ठी घालून घरी पाठवा. वर्गात चाळीस लेकरं असली तर दोन दिवस जास्त लागतील.